पहिल्या आठवड्यात ताकद दाखवू नये

उमेळ्यातल्या आमच्या आळीच्या सणाला मुलींची रस्सीखेच असते. दोराच्या टोकाला कमरेभोवती फास घेऊन जी शेवटचा गडी म्हणून उभी राहते, ती सर्वांत दमदार मुलगी असावी, असा आजवरचा अंदाधुंद प्रघात होता. 'अंदाधुंद' हा शब्द रेमंड अंकलचा. ते एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात आळीच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष झाले. मधे त्यांना विश्रांती अशी मिळालीच नाही.

"नुसतं डोळ्यांनी बघून निवड करायची? आपण काय बैल घेतोय?" असं म्हणून त्यांनी यंदा शास्त्रीय पद्धत जाहीर केली. इच्छुक मुलींनी दर शनिवारी गोखिवऱ्याला क्लेटनच्या जिममध्ये वजन उचलून दाखवायचं. घरच्या व्यायामाचा व्हिडिओ पालकाच्या साक्षीने आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ज्यांची साप्ताहिक प्रगती टक्क्यांत जास्त त्या संघात, आणि जिची सर्वांत जास्त ती शेवटचा गडी.

मला शेवटचा गडी व्हायचंच होतं. गेल्या सणाला नालासोपाऱ्याच्या मुलींनी आमचा संघ ओढत नेला, तेव्हा मी बाहेर उभी राहून "टाचा रोवा, टाचा!" असं घसा बसेपर्यंत ओरडले होते. त्यानंतर वर्षभर मी वाडीतले केळीचे घड वाहिले, गॅसचा सिलिंडर जिन्यावरून चढवला, आणि एका सकाळी आरशात माझ्या दंडावर चक्क एक उंचवटा उगवलेला दिसला. माझा स्वतःचा! तो मी शाळेत सगळ्यांना दाखवला. भूमितीच्या मॅडमनाही.

पहिल्या शनिवारी माझ्या हातून घोडचूक झाली. मला जेवढं उचलता येत होतं, तेवढं मी उचललं.

"रोझलीन, खतरनाक!" क्लेटन म्हणाला आणि त्याने आकडा लगेच ग्रुपवर टाकला. माझ्या मागे नेहल होती. ती माझी मैत्रीण, आमच्या समोरच्या नव्या बिल्डिंगमधली. तिला रिकामा रॉडही हलवता येईना. "याला खाली बोल्ट मारलाय का रे?" तिने विचारलं. तिच्या नावापुढे शून्य लागलं.

दुसऱ्या शनिवारी नेहलने तोच रॉड गुडघ्यापर्यंत आणला. शून्याने भाग जात नसल्यामुळे समितीने तिची प्रगती 'मोजमापापलीकडील' ठरवली. मी एक छोटी प्लेट वाढवली होती. त्या वाढीला 'नगण्य' असा शेरा आला. तिसऱ्या शनिवारी माझ्या नावापुढे 'साचलेपणा' लिहून आलं, तेव्हा मी तडक रेमंड अंकलच्या ओटीवर गेले.

"अंकल, मी नेहलच्या तिप्पट उचलते."

"उचलतेस ना? मग प्रगती कुठाय? तू पहिल्याच दिवशी सगळी उधळून टाकलीस."

"पण दोर कोण जास्त ओढणार?"

"बेटा, ओढणं हा निकाल झाला," ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले. "आपण प्रक्रियेबद्दल बोलतोय."

घरी पप्पांनी तर कपाळावर हात मारला. "पहिल्याच दिवशी एवढं दाखवायला कुणी सांगितलं तुला? आम्ही ऑफिसात एप्रिल महिन्यात, वर्षाचं मूल्यमापन नव्याने सुरू होताना, लॅपटॉप कसा चालू करायचा तेसुद्धा विसरलेलो असतो!"

मार्ग एकच होता. 'शक्तिऱ्हास' सिद्ध झाला, तर सुरुवात नव्याने धरता येईल, अशी नियमांत तरतूद होती. पुरावा म्हणून मी लोणच्याच्या बरणीचं झाकण न उघडण्याचा व्हिडिओ करायला घेतला. साक्षीला मम्मी. ती भाजीची पाटी घेऊन वसईच्या बाजारात बसते.

"अगो बाय, काल सिलिंडर उचलीत होतीस नि आज झाकन उघडत नाय?"

"मम्मी, कॅमेरा चालू आहे. 'अरेरे' म्हण."

"अरेरे," मम्मी म्हणाली आणि दोन बोटांनी झाकण उघडून मोकळी झाली. "जा, पानी पी आता."

समितीने तो व्हिडिओ फेटाळला. पालकात ताकद आढळल्याने पाल्यातही ती वंशपरंपरेने दडलेली असू शकते, असा आक्षेप होता. मग पप्पा साक्षीला बसले. त्यांना झाकण खरोखरच उघडता आलं नाही. समितीने त्यांचे जाहीर आभार मानले.

पण क्लेटन काही फसेना. "दंड बघ तुझा. नाटक नको करूस हां," तो म्हणाला. म्हणजे आता खरंच कमजोर होणं आलं. घरात त्याबाबत विलक्षण एकजूट झाली. मी पाण्याची बादली उचलली की पप्पा "ठेव, ठेव, शनिवार तोंडावर आलाय!" म्हणून धावत यायचे. दप्तरही तेच गेटपर्यंत आणायचे. मी सोफ्यावर पडून बटाटावेफर्स खाल्ले. शाळेत जिने चढताना दम लागायला लागला, तेव्हा पप्पांनी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलं, "सुधारतेय आमची."

एका सकाळी आरशात पाहिलं, तर उंचवटा गेला होता. मी थोडा वेळ तिथेच बोटांनी चाचपत राहिले. मग फोटो काढून ग्रुपवर टाकला. शाबासकीच्या अंगठ्यांचा खच पडला.

माझी सुरुवात नव्याने धरली गेली, शून्यापासून. आणि मग काय, दर शनिवारी नुसती झेप! नेहलचं मात्र वाईट झालं. बिचारी मनापासून मेहनत करून आता मी पूर्वी उचलायचे तेवढं वजन उचलायला लागली होती, आणि त्यापुढे जाईना. तिला 'साचलेपणा' देऊन संघातून वगळलं. शेवटचा गडी म्हणून माझं नाव जाहीर झालं. मी इतक्या आनंदाने उडी मारली, की पोटरीत गोळा आला.

योजना एवढी गाजली, की सणाच्या दिवशी रेमंड अंकलनी ती सगळ्या गावासाठी खुली केली. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलामागे क्लेटन, आणि समोर लहानथोरांची रांग. नोंद त्याच दिवशी सुरू, त्यामुळे रांगेतला प्रत्येक जण होता होईल तेवढा दुबळा दिसत होता. सुतारकाम करणाऱ्या लॉरेन्स अंकलनी तर खुर्चीसुद्धा दुसऱ्याकडून सरकवून घेतली.

नालासोपाऱ्याच्या मुली वडापाव खात आल्या. त्यांच्याकडे समिती नव्हती. त्यांनी आपल्यातली सगळ्यांत भक्कम मुलगी मागे उभी केली, नुसती डोळ्यांनी बघून. मी कमरेला फास घेतला, टाचा रोवल्या. शिट्टी झाली आणि दुसऱ्याच क्षणी मी तोंडावर आपटून त्यांच्या बाजूला पोचले होते. वर्षभर ज्या एका ओढीची वाट पाहिली, ती आली तेव्हा माझ्या दंडांत काहीच नव्हतं.

माइकवर रेमंड अंकलचा आवाज भरून आला होता. "आपल्या संघाने अत्यंत खालची सुरुवात नोंदवली आहे! पुढच्या वर्षीच्या प्रगतीला केवढा वाव!" टाळ्यांचा कडकडाट.

माझा पाय मुरगळला होता. कमरेला फास तसाच, उठता येईना. मम्मी बाजारात होती. "कुणी उचला ना मला!" मी ओरडले. पप्पा एक पाऊल पुढे आले, टेबलाकडे बघून थबकले. नेहल तर धावत आली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सॉरी यार," ती हळूच म्हणाली, "आज माझा परत पहिला आठवडा आहे."

कडेला तुम्हीही उभे होतात बहुतेक. डोळ्यांत माती गेल्याने चेहरे नीट दिसले नाहीत. हात मात्र दिसले, खिशात घातलेले. ओशाळू नका. सुरुवात फार छान झालीय तुमची.