ताडपत्रीखालचं कपाट

बाबलदादा परबांना नवी ताडपत्री घ्यायची असली की ते मला तिच्याखाली बसवत.

भर बाजारात, दुकानासमोर, त्यांच्या पिकअपच्या हौद्यात मी मांडी घालून बसायचं. वरून ताडपत्री पडायची आणि बाहेरून आवाज यायचा, "मास्तर, भायर काय दिसता?" आतून बाहेरचं दिसलं की बाहेरून आतलं दिसणारच, हे दादांचं शास्त्र. मीच का, तर माझा देह. "तू म्हणजे लोखंडी कपाट," ते म्हणत. मी आत काही बडबडलो की ताडपत्रीवर थाप पडे. "कपाट बोलता काय? इचारलंय तेवढाच सांग!"

भांडुपच्या आमच्या चाळीत दादांची खोली माझ्या शेजारी. धंदा लोकांची घरं हलवण्याचा. कडकडीत ऊन असलं तरी सामान झाकल्याशिवाय दादा गाडीची चावी फिरवत नसत. एकदा कांदिवलीची एक बाई वैतागून म्हणाली, "अहो काका, पाऊस कुठाय?"

दादा दोरी आवळत म्हणाले, "पाऊस नाय गो बाये, पण माणसां आसत ना! संसार झाकूक होयो."

यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. लग्नानंतर सुमनवहिनी या चाळीत आल्या तेव्हा संसार उघड्या हातगाडीवर होता. गॅलरी माणसांनी भरलेली. कुणीतरी वरून मोठ्याने भांडी मोजायला सुरुवात केली आणि सगळ्या गॅलरीने साथ दिली. तीन पातेली, एक कळशी, एक बिनझाकणाचा डबा. वहिनी खाली मान घालून जिना चढल्या. वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "जाताना तरी झाकून न्हेवा." दादांनी शब्द दिला. पण वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या, संसार इथेच ठेवून.

यंदा चाळ पाडायचं ठरलं. दादांनी मुलुंडला भाड्याची खोली बघितली आणि जाहीर केलं, "चाळ भरलेली आसताना मी जातलंय." म्हातारा घाई का करतोय, ते कुणाला कळेना. मला कळलं. गॅलरीत माणसं हवी होती.

मग नवी ताडपत्री आली. म्हणजे मी आलो. सलग तीन रविवार मी मुलुंडच्या एका दुकानासमोर कपाट झालो.

पहिली निळी. "भायर काय दिसता?"

"शेठ नाक कोरतोय."

शेठचा हात खाली आला. ताडपत्री बाद.

दुसरी हिरवी. आत मिट्ट काळोख होता, पण मला चेव आला. "समोर वडे तळतायत, दादा."

ताडपत्री फर्रकन वर झाली. "दिसतत काय वास येता?"

"वास येतोय."

"मगे मी तुझ्या नाकाक इचारलंय?" दादा भडकले. पण एकदा मनात किंतू आला तो आला. तीही बाद.

तिसरी काळी, जाड, कॅनव्हासची. "दादा, मला माझं पोट दिसत नाही." याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. दादा खूश झाले. मग शेठला म्हणाले, "वर कमानी बसव. उंच. माणूस उभो रवात इतक्यो."

शेठ हसला. "काका, तुम्ही तर एकटे ना? एवढं काय नेणार?"

"संसार आसा माझो," दादा म्हणाले. मी त्यांच्या पाठीमागून शेठला डोळा मारला. तो डोळा मला अजून टोचतो.

जायच्या दिवशी सकाळी दादांनी कमानींवर ताडपत्री टाकलेली गाडी मागून जिन्याला लावली. मदतीला चार जण धावले, त्यांना "जड सामान रातीच भरलंय" म्हणून पिटाळलं. फक्त मला वर नेलं. वहिनी गेल्यापासून ते माझ्याशी दारातच गप्पा मारत, आत कधी बोलवत नसत. आज दार उघडलं आणि मी थबकलो.

एक पेटी. एक गुंडाळलेली गादी. स्टोव्ह. तीन पातेली, एक कळशी, आणि तो बिनझाकणाचा डबा.

"दादा, खाट कुठाय? कपाट, टेबल?"

"ज्यांची घरां हलवलंय, त्यांतल्या कोणाकडे खाट नव्हती, कोणाकडे कपाट. एकेक रातचा न्हेवन दिलंय." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "एकट्याक काय करूचा रे?"

सगळं एका गोधडीत बांधून दोन फेऱ्यांत खाली आणलं. हौद्याचा एक कोपरासुद्धा भरला नाही. दादांनी वर बघितलं. गॅलरी गच्च भरली होती. मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, बस आत. गाडी हलकी वाटता. कपाट होया."

एरवी मी चार विनोद केले असते. त्या दिवशी मुकाट्याने चढलो. मागची ताडपत्री खाली पडली आणि वरून शेजारच्या राणेकाकूंचा आवाज आला, "अगो बाय! गाडी बघ कशी टम्म भरलीय! सुमनने केवढं जमवलं होतं गं!"

बाहेर दादा गाठी मारत सुटले. मागच्या बाजूला दोरी ओवायचं एक भोक राहिलं होतं, बरोबर माझ्या डोळ्यासमोर. त्यातून त्यांचा चेहरा दिसत होता. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "भायर काय दिसता?"

"काही नाही, दादा. काळोख."

त्यांनी त्या भोकातून दोरी ओढून घेतली, आणि मग खरंच काही दिसेना.