देवयानीचं टच-अप

सोमवारी दुपारी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढून धाकटा स्टुडिओत परतला, तेव्हा त्याची बायको कॉम्प्युटरसमोर बसून डोळे चोळत होती.

"तो काळा पडदा एकदा धुवायला टाका हो," ती म्हणाली. "किती डाग ते."

"कुठल्या पडद्याचं बोलतेयस?"

"'आजचं काम'च्या फोल्डरमध्ये टाकून गेलात ना, तो. गिऱ्हाईक बसलेलंच नाही, नुसता पडदा. मधोमध हा एवढा पांढरट डाग आणि बाकी सगळी धूळच धूळ. दोन तास मोडले माझे. पण आता बघा."

धाकट्यानं पाहिलं. स्क्रीनवर अंधार होता. वरपासून खालपर्यंत एकही ठिपका नसलेला, अगदी मन लावून केलेला अंधार.

"देवयानी कुठाय?" त्यानं विचारलं.

"कोण, ती पासपोर्टवाली? तिचे फोटो कधीच नेले की."

देवयानी पासपोर्टवाली नव्हती. ती एक दीर्घिका होती, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं आपल्यापासून लांब थाटलेलं वेगळं बिऱ्हाड. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालत चालत शनिवारी रात्री धाकट्याच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचला होता. एवढ्या वाटेत त्याला कुणी हात लावला नव्हता. तो स्टुडिओत आला आणि इथल्या पद्धतीप्रमाणे साफ झाला.

धाकटा हा म्हणायला धाकटा. वय चोपन्न, डोक्यावर जेमतेम केस. पण थोरला भाऊ हयात असला की माणूस कितीही पिकला तरी धाकटाच राहतो. थोरला, म्हणजे दादा, पाणीपुरवठा खात्यात मुख्य अभियंता होता. निवृत्त झाल्यावर त्याचं ऐकायला खात्यात कुणी उरलं नाही, तेव्हा तो आकाशाकडे वळला. त्यानं मोठी दुर्बीण घेतली, आकाश मंडळ काढलं आणि दुसरं कुणी पुढे यायच्या आत अध्यक्षही झाला. भावाची ओळख करून देताना तो म्हणायचा, "हा आमचा धाकटा. तोंडं साफ करतो." हे तो हसून म्हणायचा, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. त्याच्या स्वतःच्या नाकावरचा मोठा मस धाकट्याची बायको गेली तीस वर्षं प्रत्येक फोटोतून काढून टाकत होती. आपला चेहरा कॅमेऱ्याला मानवतो, अशी दादाची प्रामाणिक समजूत होती.

यंदा मंडळानं ठरवलं, की आकाशातल्या लांबच्या गोष्टींचे फोटो आपणच काढायचे आणि प्रदर्शन भरवायचं. मंडळात तारे सगळ्यांना माहीत होते, कॅमेरा कुणालाच येत नव्हता. तेव्हा दादा स्वतःचा फोटो हवा नसताना पहिल्यांदाच स्टुडिओची पायरी चढला. "शनिवारी टेकडीवर ये," तो म्हणाला. "कॅमेरा घेऊन."

पहिल्या शनिवारी दुर्बिणीला कॅमेरा जोडून काढलेल्या फोटोंत एकेक तारा रेघेसारखा ओढलेला आला. "पृथ्वी फिरते," दादा म्हणाला, आणि जणू ती धाकट्यानंच फिरवली असावी असं त्याच्याकडे बघितलं. खरं म्हणजे दुर्बिणीनं ताऱ्यांच्या मागोमाग सरकावं म्हणून ती आधी ध्रुवताऱ्याकडे नेमकी लावावी लागते, आणि दादानं ती भलत्याच ताऱ्याकडे लावली होती. हे दुसऱ्या शनिवारी उघडकीला आलं, तेव्हा दादानं ती गुपचूप वळवून घेतली. दुसऱ्या शनिवारी तारे बश्यांएवढे आले. "फोकस तुझ्या खात्यात येतो," दादा म्हणाला. तिसऱ्या शनिवारी फोटोत एक अप्रतिम तेजोमेघ उतरला. दादानं पुस्तक उघडून त्याचा क्रमांकही सांगितला. धाकट्यानं रुमाल घेऊन भिंगावरचं दव पुसलं, तसा तेजोमेघ गेला.

चौथ्या शनिवारी मात्र सगळं जुळून आलं. कॅमेऱ्याच्या मागच्या चौकोनात एक लांबट, धूसर उजेड दिसला. दादानं वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मग धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जमलं की रे तुला," तो म्हणाला.

हे वाक्य धाकट्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं. रविवारी जेवताना परत सांगितलं.

"ऐकलं मी," बायको म्हणाली. "एवढं काय त्यात?"

"दादा म्हणाला ते."

आता त्याला एकच हवं होतं. प्रदर्शनात त्या फोटोखाली आपलं नाव असावं आणि दादानं चारचौघांत म्हणावं, की हा फोटो माझ्या भावानं काढला. फार मोठं मागणं नव्हतं. पण माणसं मोठ्या गोष्टींवाचून तशी नीट जगतात, अशा एवढ्याशा गोष्टीवाचूनच आतून कडू होत जातात. धाकटा पन्नासेक वर्षं होत आला होता.

रविवारभर त्यानं त्या रात्रीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचा एक फोटो केला, आणि जागा अडते म्हणून सुटे फोटो काढून टाकले. सोमवारी सकाळी तो तयार फोटो हातानं सवयीप्रमाणे 'आजचं काम'मध्ये ठेवला, कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं आणि शाळा गाठली. फोटो बायकोला दाखवावा, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

"मूळ फोटो?" त्यानं आता विचारलं. आवाज त्याचा त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"मूळ कुठे ठेवतो आपण? तुमचाच नियम."

नियम त्याचाच होता. एकदा चुकून एका बाईंच्या हातात त्यांचा टच-अप न केलेला चेहरा पडला होता, आणि त्या दुकानातच खुर्ची ओढून रडत बसल्या होत्या. तेव्हापासून काम झालं की मूळ चेहरा दुकानात राहू द्यायचा नाही, असं ठरलं होतं. धाकट्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पाहिलं. देवयानीच्या जागी चौथीचा वर्ग बसला होता, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी डोळे मिटले होते.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "रविवारी उद्घाटन पक्कं झालं बरं का. कॉलेजातल्या खगोलशास्त्राच्या बाई येतायत. आपला फोटो मधोमध लावणार. मोठ्ठा प्रिंट काढ. आणि हे बघ, त्याला तुझं ते साफबीफ करू नकोस. आहे तस्सा आण."

"हो," धाकटा म्हणाला.

परत टेकडीवर जायची सोय नव्हती. संध्याकाळपासून ढग आले ते आठवडाभर हलले नाहीत.

"भाऊजींना सांगून टाका," बायको म्हणाली. "माझ्या हातनं झालं म्हणा."

"तुझ्या हातनं झालं म्हणजे माझ्याच हातनं झालं ना? तोंडं साफ करता करता आकाशही साफ केलं म्हणेल. जन्मभर म्हणेल. मंडळात म्हणेल."

बायकोनं खुर्ची परत कॉम्प्युटरकडे ओढली. "मग मी परत काढून देते."

"अगं, दीर्घिका आहे ती. गालावरचा तीळ नव्हे, पुसला आणि परत ठेवला."

"कशी दिसत होती ते तर सांगा."

धाकट्यानं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. रात्रभर त्यानं फोकस बघितला होता, बॅटरी बघितली होती, आणि सगळ्यात जास्त दादाचा चेहरा बघितला होता. "लांबट होती," तो म्हणाला. "मधे उजेड होता."

"कुठल्या अंगाला कललेली?"

धाकट्यानं मान आधी डावीकडे कलवली, मग उजवीकडे.

"डावीकडनं उजवीकडं चढत गेलेली," बायको म्हणाली. "मधे पिवळट, कडेला राखाडी, आणि एका बाजूनं काळी रेघ. खाली एक बारका पुंजका होता. त्यानं पंधरा मिनिटं खाल्ली माझी, निघता निघेना."

"तुला एवढं लक्षात आहे?"

"बघितल्याशिवाय पुसता येतं का काही?"

तीन दिवस ती गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात बसून देवयानी करत होती. आधी उजेड घातला, मग तो कडेला विरवत नेला, मग काळी रेघ ओढली, आणि शेवटी तो बारका पुंजका जिथल्या तिथं ठेवला. गुरुवारी धाकट्यानं मागं उभं राहून पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, "जरा उजेड वाढव."

उरले तारे. एवढे तारे एकेक करत बसायचे तर रविवारची दिवाबत्ती व्हायची. बायकोनं एका कोपऱ्यात मूठभर तारे नीट केले, आणि तेच परत परत उचलून जागोजागी ठेवत सुटली.

"चालेल ना असं?" धाकट्यानं विचारलं.

"टकलावर केस भरताना हेच करतो की आपण. कानामागचे उचलायचे आणि वर लावायचे. कोण मोजतंय?"

धाकट्याला ते पटलं. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं स्वतःचे केस मोजले नव्हते.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये फोटो मधोमध लागला. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आधी त्याच्या खालची चिठ्ठी वाचायला गेला. त्यावर दादाच्या सुरेख अक्षरात 'देवयानी दीर्घिका' लिहिलेलं होतं. त्याखाली 'छायाचित्र', आणि पुढे दादाचं स्वतःचं संपूर्ण नाव, निवृत्त मुख्य अभियंता, मंडळाचे अध्यक्ष, सगळं. त्याच्याही खाली, उरलेल्या जागेत बसवल्यासारखं, 'कॅमेरा साहाय्य', आणि धाकट्याचं नाव.

"साहाय्य?" धाकटा म्हणाला.

"अरे, दुर्बीण कुणाची?" दादा म्हणाला. "टेकडी कुणी शोधली? आकाशात कुठं बघायचं ते कुणी सांगितलं? तू बटण दाबलंस. नाव घातलंय की तुझं."

धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोनंही जवळ जाऊन चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली.

"तुमचं आहे तरी," ती म्हणाली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

खगोलशास्त्राच्या बाई वेळेवर आल्या. दादानं त्यांना फोटोसमोर उभं करून टेकडीवरच्या त्या रात्रीची हकिकत सांगितली. ध्रुवतारा त्यानं साधला होता, फोकस त्यानं जमवला होता, भिंगावरचं दवसुद्धा आता त्यानंच पुसलं होतं. बाई मान डोलवत होत्या. मग त्यांनी चष्मा वर केला आणि फोटोला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या.

"हे सहा तारे बघा," त्या म्हणाल्या. "पळीसारखा आकार आहे."

"वा, बरोबर ओळखलंत," दादा म्हणाला. "प्रसिद्धच आहे तो."

"इथेही आहे तसाच."

दादानं वाकून पाहिलं. "हो, आहे खरा."

"आणि इथेही."

मंडळाचे खजिनदार पुढे आले. "इकडे खाली पण एक आहे की." मागून कुणीतरी म्हणालं, "दीर्घिकेच्या वर दोन आहेत." मग सगळेच पुढे सरसावले. एका आजोबांनी नववी पळी शोधली, आणि ती आधीच मोजलेली आहे असं म्हणून दुसऱ्या एकानं त्यांच्याशी वाद घातला. उद्घाटनाला आलेली माणसं इतकी रमलेली मंडळानं कधी पाहिली नव्हती.

बाई मात्र हसत नव्हत्या. "आकाश असं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुणीतरी हातानं केलंय. फोटो कुणाचा आहे हा?"

पळ्या मोजणारी बोटं खाली आली. दादानं फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मग, इतकी वर्षं खात्यात काढल्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे, जराही न अडखळता तो धाकट्याकडे वळला. त्यानं खिशातून पेन काढलं. चिठ्ठीवरचं आपलं नाव पदांसकट एका सरळ रेघेनं खोडलं आणि 'साहाय्य' हा शब्दही खोडला.

"हा फोटो माझ्या धाकट्या भावानं काढलाय," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "सर्वस्वी त्याचा आहे. कॅमेरा त्याचा, कॉम्प्युटर त्याचा, मेहनतही त्याचीच. मी नुसती गाडी चालवली."

धाकट्यानं हे वाक्य आयुष्यभर मनात ऐकलं होतं. शब्द जवळजवळ हेच होते. दादाचा हातही त्याच्या खांद्यावर होता, आणि चारचौघं नव्हे, चांगली साठ माणसं त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही केलंत का हे?" बाईंनी त्याला विचारलं.

धाकट्यानं चिठ्ठीकडे पाहिलं. फोटो त्याच्या नावावर होऊन मिनिटही झालं नव्हतं.

"मी नाही," तो म्हणाला. "मी फक्त काढतो. टच-अपचं सगळं ही बघते."

साठ माणसांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. बायकोनंही मागं वळून पाहिलं. तिच्या मागं भिंत होती. मग ती उठली, पदर नीट केला आणि बाईंकडे बघून म्हणाली, "हो, मीच केलंय. आठवणीतनं केलंय. चारच दिवस मिळाले, नाहीतर तारे वेगवेगळे केले असते."