अकरा पावलांची सुरक्षितता

माणूस दोन पायांवर चालतो तोवर चालणं हा त्याचा खासगी प्रश्न असतो. आधाराची गरज लागली की तो कुटुंबाचा प्रश्न होतो, आणि कुटुंबाचा झाला की त्यावर बैठक बसते.

आमचे सासरे, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांची मागणी एका ओळीची होती: "मला संडासात एकट्याला जाता यावं, बास. दर वेळी घंटी वाजवून कुणाला बोलवायची लाज वाटते रे." पलंगापासून संडास अकरा पावलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी चाकांचा वॉकर घ्या म्हणून सांगितलं होतं. मागणी इतकी साधी असल्याने ती विचारात घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

निवडीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष, थोरले मेहुणे (त्यांनी आजवर तीन मोटारी बदलल्यात, तेव्हा चाकांतलं त्यांना कळतं). सदस्य, वरच्याच मजल्यावर राहणारी त्यांची बहीण, म्हणजे माझी बायको. मी पडलो जावई. मला मत नाही, म्हणून टिपणं माझ्याकडे. सासऱ्यांना वगळण्यात आलं, कारण त्यांना नीट चालता येत नाही.

समितीने सतरा दिवसांत बेचाळीस व्हिडिओ पाहिले आणि मग दुकान गाठलं. मेहुण्यांनी वॉकर ढकलून पाहिला, वळवून पाहिला, त्याच्या सीटवर बसून फोटो काढून घेतला.

"आजोबांची उंची किती?" दुकानदाराने विचारलं. "हात खाली सोडून उभं राहिलं की वॉकरच्या मुठी मनगटाशी यायला हव्यात. त्यांनाच आणलं असतंत तर बरं झालं असतं."

"ते दमतात हो," बायको म्हणाली.

उंची नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय दाखल्यावरून सांगितली: पाच फूट नऊ इंच. दाखला अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. (मधल्या काळात सासरे तीन इंच कमी झाले होते आणि पाठीत चांगलेच वाकलेही होते, पण तसं त्यांनी कुणाला लेखी कळवलेलं नव्हतं.)

घरी सासरे वॉकर धरून उभे राहिले, तर मुठी पार बरगड्यांशी.

"अरे, छातीला लागतोय हा. जरा खाली घ्या ना."

"दाखल्याप्रमाणे बरोबर आहे, बाबा," मेहुणे म्हणाले. "तुम्हीच जरा ताठ उभे राहा."

खाली घ्यायला दोन बटणं दाबायची होती. पण बटणांना हात लावला की वॉरंटी जाते, असा मेहुण्यांचा ठाम समज होता. मला बटणं दिसत होती. मी टिपण घेत राहिलो.

मग सुरक्षित वापराचे नियम छापून भिंतीवर लागले. ब्रेक सदैव लावलेले असावेत (चाकं फिरली तर घसरायला होतं). पुढे एक आणि मागे एक माणूस असल्याशिवाय उठू नये. माणसं रविवारी अकरा ते साडेअकरा उपलब्ध. गालिचा सोफ्याला मॅचिंग असल्याने काढला जाणार नाही. तिथे वॉकर उचलून पलीकडे ठेवावा.

एका बुधवारी सकाळी सासऱ्यांनी सगळे नियम मोडले. स्वतःच बटणं दाबून मुठी मनगटाशी आणल्या, ब्रेक सोडले आणि निघाले. मी दारातून पाहत होतो. पायाने गालिच्याची कड बाजूला सारून ते नववं पाऊल टाकत होते, तोल छान होता, चेहऱ्यावर शाळेला दांडी मारल्यासारखा आनंद. तेवढ्यात माझी बायको आली आणि किंचाळली, "बाबा, पडाल!"

ते दचकले, हेलपाटले. मी धावत जाऊन सावरलं. मला स्वतःचीच लाज वाटली, पण टिपणात लाजेला रकाना नव्हता. अहवालात 'वॉकरमुळे होणारा अपघात कुटुंबाच्या सतर्कतेने टळला' असं लिहिलं. वॉकर त्याच दिवशी माळ्यावर गेला आणि पलंगाखाली भांडं आलं. सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बरं."

त्याला चार महिने झाले. या काळात पडण्याच्या घटना: शून्य. उठण्याच्या: शून्य. तक्रारी: शून्य. यातला पहिला आकडा मेहुणे आल्यागेल्याला अभिमानाने सांगतात, आणि सगळे त्यांना नावाजतात.

आपल्याही घरी कुणी वडीलधारं असेलच. ते शेवटचे कधी पडले, आठवतं का? नाही ना? अभिनंदन. आपलंही काम चोख चालू आहे.