सुकलाल आप्पांचा खड्डा

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. शहाद्याला आमच्या गल्लीत सकाळी दोघे जण दारात येत. एक पीठ मागायचा आणि दुसरे, सुकलाल आप्पा, कचरा मागायचे. मी नवी सून. पहिल्या दिवशी त्यांना भाकरीच आणून दिली. त्यांनी ती निरखली आणि म्हणाले, "हाई खावानं शे, माय. सडेल काई शे का?"

आप्पांनी उभा जन्म कापसाच्या जिनात, सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काढलेला. घरी एकटेच. बोलत ते खताबद्दल. लग्नात लोक पंगतीकडे बघत, आप्पा उष्ट्या पत्रावळींकडे.

त्यांच्या परसातली वांगी बघून सासूबाईंनीही खत करायचं ठरवलं. आप्पा हरखले. स्वतः कुदळ घेऊन आले, मांडीइतका खोल खड्डा खणला. तळाला कपाशीच्या काड्या, वर साली, राख, सुका पाला; मग शेणकाला आणि मातीचा थर. वास आला तर सुकं टाकायचं, पंधरवड्यानं उलथायचं. मी तिसऱ्याच दिवशी काठीनं उकरलं, तर रागावले. "निजेल मानूसले असं उठाडतस का?"

चार महिन्यांनी काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. मग सगळ्या गल्लीलाच खड्डे हवे झाले. आप्पांनी घरोघर खणून दिले. वर्षभरात त्यांच्या टोपलीत टाकायला कुणाकडे साल उरली नाही. आम्हीही आतूनच सांगायचो, आमच्याच खड्ड्यात टाकलं म्हणून. "बेस करं," म्हणून ते पुढे जात. मग यायचेच थांबले.

सासूबाईंनी मला बघायला पाठवलं. आप्पांचा खड्डा कोरडा होता, तळाशी केळीची एक साल. मी कारण विचारलं.

"एकला मानूसना घरमा खड्डा भरस नही, माय."

मग खाली बघत त्यांनी सांगितलं, की बायको आणि दोन्ही मुली तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेल्या. सालींचं निमित्त होतं. दारोदार गेलं की चार माणसं बोलायची.

घरी येऊन मी हे सारं सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा भरला खड्डा मातीनं बुजवला आणि आप्पांना निरोप धाडला, की खत बिघडलं, नवा खड्डा खणून द्या.

आप्पा आले. ताजी माती त्यांनी पायानं चाचपली, सासूबाईंकडे पाहिलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि कुदळ उचलली. दुपारपर्यंत होणारं काम त्यांनी दिवे लागेपर्यंत पुरवलं. सासूबाईंनी त्यांचं ताट आमच्या ताटांशेजारी मांडलं.