धुंडिराज अस्वलाने डॉल्फिन कसा निवडला

एका जंगलात, मुलांनो, नदी जिथे खाडीला मिळत होती तिथे क्रूझचं बुकिंग ऑफिस होतं. असं जंगल कुठे असतं म्हणून विचारू नका. हल्ली सगळीकडे असतं.

त्या जंगलात धुंडिराज नावाचं अस्वल राहत होतं. धुंडिराज मधखात्यात निरीक्षक होते. पोळं दिसायला कितीही चांगलं असो, ते आधी चारी बाजूंनी पाहत, मग वास घेत, मग शेजारच्या झाडावर जाऊन चौकशी करत, आणि मगच ते पास करत. तोवर मध बहुतेक वेळा माकडांनी संपवलेला असे. पण त्यांच्या हातून एकही वाईट पोळं पास झालं नाही, असं निवृत्तीच्या समारंभात खुद्द वाघसाहेब बोलले होते.

चौकशी न करता त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते बायकोला, म्हणजे कालिंदीबाईंना, लांबच्या एका तळ्यावर घेऊन गेले. तळं आटलेलं होतं. दोघं चार दिवस चिखलाकडे बघत बसली. कालिंदीबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याची धुंडिराजांनी धास्तीच घेतली होती.

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला क्रूझवर जायचं ठरलं. जन्मात कधी काही न मागणाऱ्या कालिंदीबाई त्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, की एकदा डॉल्फिनबरोबर पोहायला मिळालं तर बरं होईल. धुंडिराजांनी मनाशी पक्कं केलं. या वेळी चूक होता कामा नये.

क्रूझ सात दिवसांची होती. वाटेत तीन बेटं लागणार होती, आणि तिन्ही बेटांवर डॉल्फिनबरोबर पोहण्याची सोय होती. या पोहण्याच्या सहलींचं बुकिंग मात्र जहाजावरच करायचं होतं. सहलींच्या काउंटरवर एक बगळा एका पायावर उभा असे. त्याने समजावून सांगितलं, की सहलीचे प्रकार तीन. पहिला ‘ओझरती भेट’. त्यात डॉल्फिन तुमच्या अंगावर पाणी उडवतो. दुसरा ‘मनमोकळा सहवास’. त्यात अर्धा तास डॉल्फिनच्या पराला धरून पोहता येतं. तिसरा ‘आत्मिक अनुभव’. तो अगदी दुसऱ्यासारखाच, फक्त आधी दहा मिनिटं डोळे मिटून बसवतात आणि शेवटी टॉवेल देतात.

धुंडिराजांनी वही काढली. डॉल्फिनला कामाचा अनुभव किती वर्षांचा? स्वभाव कसा? अस्वलांबद्दल त्याचं मत काय? बगळ्याने हसून तीन रंगीत पत्रकं दिली आणि आधीच्या प्रवाशांचे अभिप्राय वाचायला सांगितलं.

तिथेच सगळं बिघडलं. की सुरू झालं म्हणा.

अभिप्राय चारशेच्या वर होते. धुंडिराजांनी ते पहिल्यापासून वाचायला घेतले. हत्तीने लिहिलं होतं, डॉल्फिन उत्तम, पाणी कमी पडलं. कासवाने लिहिलं होतं, सगळं फार घाईघाईत उरकलं. सशाने लिहिलं होतं, फार वेळ लावतात. साळिंदराने एकच तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, की लाइफ जॅकेट फाटलं, ते आधीच नाजूक होतं, आणि याला मी जबाबदार नाही.

पहिलं बेट आलं तेव्हा धुंडिराज एकशे साठाव्या अभिप्रायावर होते. अर्ध्या माहितीवर उडी मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. बेट गेलं.

दुसऱ्या बेटाचं बुकिंग त्यांनी केलं, आणि त्याच संध्याकाळी रद्दही केलं. एका हरिणीने लिहिलं होतं, की तिसऱ्या बेटावरचा डॉल्फिन जास्त मनापासून हसतो. दुसरं बेटही गेलं.

रोज सूर्य उगवायच्या सुमारास धुंडिराज काउंटरवर रांग धरायला जात. कालिंदीबाई म्हणत, तुम्ही व्हा पुढे, मी जरा फिरून येते. नाश्त्याला दोघं भेटत. धुंडिराज कुठला डॉल्फिन कसा आहे ते वहीत बघून सांगत, आणि कालिंदीबाई इडली खात खात लक्ष देऊन ऐकत. त्यांचा चेहरा अलीकडे टवटवीत दिसत होता. समुद्राची हवा मानवली, असं धुंडिराजांनी वहीत टिपूनही ठेवलं.

तिसऱ्या बेटाच्या आदल्या दिवशी निर्णय झाला. ‘आत्मिक अनुभव’. धुंडिराज काउंटरवर गेले तर बगळा म्हणाला, पोहण्याची एकच जागा उरली आहे. दुसरं तिकीट हवंच असेल तर ‘काठावरून कौतुक’ या प्रकारात मिळेल. धुंडिराजांचा चेहरा पडला. पण त्यांनी पोहण्याची जागा बायकोच्या नावावर केली, स्वतःसाठी कौतुकाचं तिकीट घेतलं, आणि डॉल्फिनचं मन दुखावणार नाही अशा हमीपत्रावर दोघांच्या सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बेटावरच्या खाजणात कालिंदीबाई जॅकेट घालून दहा मिनिटं डोळे मिटून बसल्या. मग पाण्यात उतरल्या. धुंडिराज काठावरच्या बाकावर बसून होते. पाणी हललं आणि नीलाक्षी नावाची डॉल्फिन वर आली. तिने कालिंदीबाईंकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “वहिनी, आज सकाळी आला नाहीत ते? आणि इथे कुठे तिकीट काढून आलात?”

कालिंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. या वेळी आत्मिक कारणासाठी नव्हे.

हळूहळू सगळं बाहेर आलं. जहाजाच्या मुदपाकखान्यात एक पाणमांजर आचारी होता. रोज पहाटे तो खालच्या शिडीवरून माशांची डोकी समुद्रात टाकायचा, आणि ती खायला डॉल्फिन यायचे. पहिल्याच दिवशी फिरता फिरता कालिंदीबाई तिथे पोचल्या. पाणमांजर म्हणाला, बघताय काय, उतरा. त्या उतरल्या. तेव्हापासून रोज उतरत होत्या. नीलाक्षी सकाळी जहाज असेल तिथे जाऊन खायची आणि मग पोहत इकडे कामावर यायची.

“सहा दिवस?” धुंडिराजांनी विचारलं.

“पाच,” कालिंदीबाई म्हणाल्या. “एक दिवस समुद्र खवळला होता.”

“मला का नाही सांगितलंस?”

कालिंदीबाई तरंगत काठाजवळ आल्या. मग म्हणाल्या, “अहो, तुम्ही इतक्या मनापासून शोधत होतात. पस्तीस वर्षांत तुम्हाला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. मध्येच सांगितलं असतं, तर तुमची सहल तिथेच संपली असती.”

धुंडिराजांना राग यायला हवा होता. पण नेमका कशाचा यावा, हे नीट तपासून पाहायला हवं होतं, आणि तेवढ्यात नीलाक्षीने विचारलं, भावोजी, तुम्ही नाही येत? तिकिटं तपासायला काठावर आलेल्या बगळ्याने लगेच सांगितलं, की यांचं तिकीट फक्त कौतुकाचं आहे.

धुंडिराजांनी वही बाकावर ठेवली आणि चष्म्यासकट उडी मारली.

पाणी गार होतं. खारट होतं. नीलाक्षीची पाठ उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत होती. एका बाजूने त्यांनी तिचा पर धरला, दुसऱ्या बाजूने कालिंदीबाईंनी, आणि तिने दोघांना खाजणाला तीन फेऱ्या मारून आणलं. दुसऱ्या फेरीत धुंडिराजांच्या लक्षात आलं, की मोठमोठ्याने कोणीतरी हसतंय, आणि ते आपणच आहोत. हे एकाही अभिप्रायात लिहिलेलं नव्हतं.

निघताना नीलाक्षीने सहज सांगितलं, की थंडीच्या दिवसांत आम्ही तुमच्या खाडीतसुद्धा येतो. सकाळी, भरतीच्या वेळेला. जंगलातलं कोणी कधी दिसत नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर ती तुमच्या शाळेतही चालली असती. पण पुढे जे घडलं तेही सांगायला हवं.

परतीच्या वाटेवर धुंडिराजांनी आपला अभिप्राय लिहिला. अकरा पानं झाली. त्यात तिन्ही बेटांची तुलना होती, एक तक्ता होता, आणि बुकिंगच्या आधी विचारायचे चौसष्ट प्रश्न होते. जंगलाने तो डोक्यावर घेतला. आता तो वाचल्याशिवाय कोणी डॉल्फिनचं नाव काढत नाही. अस्वलाच्या गुहेबाहेर सल्ला घ्यायला प्राणी बसलेले असतात. धुंडिराज सगळ्यांना वेळ देतात. प्रत्येकाला सांगतात, की घाई करू नका, एवढे प्रश्न आहेत, एकेक करून सोडवा. साळिंदर दुसऱ्यांदा जायचं म्हणतोय. तो बाविसाव्या प्रश्नावर आहे.

गुहेच्या दारावर पाटी आहे. ‘सल्ल्याची वेळ सकाळी दहानंतर.’ त्याआधी थंडीत दोघंही घरी सापडत नाहीत. कोणी विचारलंच, तर कालिंदीबाई केस पुसत सांगतात, जरा फिरून आलो.

तात्पर्य: सहल ठरवताना कधीही घाई करू नये. सगळी माहिती गोळा करावी, सगळे अभिप्राय वाचावेत, आणि दुसऱ्यांनाही वाचायला लावावेत. तेवढीच पाण्यात गर्दी कमी होते.