पाच माणसं, चार खांब

‘खोली कुणाला द्यायची ते आपण डेटावर ठरवू,’ असं मी एका रविवारी सकाळी चहाचे कप गोळा करता करता बोलून गेले. आमच्या घरात मी कप गोळा करता करता जे बोलते, ते सहसा कुणी ऐकत नाही. त्या दिवशी नेमकं सगळ्यांनी ऐकलं. तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

झालं होतं असं, की लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. ती गेल्याचं वाईट मला एकटीलाच वाटलं. खोली रिकामी झाल्याचा आनंद मात्र मागे राहिलेल्या चौघांनाही झाला. (हो, मी धरून. खोटं कशाला बोला?)

आमच्या ह्यांचं म्हणणं, तिथे ट्रेडमिल ठेवू.

‘हॉलमध्ये सगळ्यांसमोर पळायला मला लाज वाटते.’

‘अहो, तुम्हाला पळताना अजून कुणी पाहिलेलंच नाही,’ मी म्हटलं. (त्या यंत्रावर आजवर फक्त टॉवेल पळालेत, तेही वारा सुटला तर.)

चिरंजीव म्हणाले, ‘मला प्रायव्हसी पाहिजे.’

‘कशासाठी?’

‘आई, कशासाठी ते सांगितलं तर ती प्रायव्हसी कसली?’

सासरे म्हणाले, ‘मला काही नको रे बाबांनो. पण घरातल्या मोठ्या माणसाला विचारायची एक पद्धत असते.’

‘विचारतेच आहे ना बाबा. हवीय का तुम्हाला खोली?’

‘आता विचारतेच आहेस, तर हो.’

लेकीने फोनवरून बजावलं, की खोली तिचीच आहे आणि तिच्या पलंगाला कुणी हात लावायचा नाही. मग माझी पाळी यायची होती. पण तोवर बाबांचा चहा गार झाला होता, तो गरम करायला मी आत गेले. परत आले तेव्हा विषय क्रिकेटवर गेला होता.

आता मला ती खोली कशाला हवी होती, ते सांगते. ऑफिसात मी बारा वर्षं बिलं तपासते. माझ्या मागून लागलेली एक मुलगी चार रंगीत चार्ट काढून माझीच साहेब झाली. तेव्हा चिडून मी विद्यापीठाच्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या वर्गाला नाव घातलं. दर शनिवारी वर्ग. त्यात पायथन शिकवतात, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची भाषा. (अजगराचा विनोद आमच्या घरात प्रत्येकाचा एकेकदा करून झालाय, तुम्ही तसदी घेऊ नका.) या भाषेत ओळीच्या सुरुवातीला जिथे जागा सोडायची तिथे ती सोडली नाही, तर कॉम्प्युटर पुढचं एक अक्षर ऐकून घेत नाही. जागेला एवढा मान आमच्या घरात असता, तर मी वॉशिंग मशीनवर अभ्यास केला नसता.

वॉशिंग मशीनवर म्हणजे अगदी वरच. मागच्या बाल्कनीत ते मशीन आहे. त्याच्यावर लॅपटॉप आणि समोर मी उभी. मशीन कपडे पिळायला लागलं, की लॅपटॉपला कापरं भरतं. कंस लिहायला जावं तर स्वल्पविराम पडतो. पहिल्या सहामाहीत कपडे जास्त पिळले गेले की मी, हे सांगणं कठीण आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या सरांनी प्रोजेक्ट दिलं होतं: एखादा खरा निर्णय डेटावरून घेऊन दाखवा. सर माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत. मला ‘मॅडम’ म्हणतात आणि चुका दाखवताना आवाज खाली आणतात, आजारी माणसाशी बोलतात तसा. त्यांचं एक लाडकं वाक्य आहे: ‘डेटाला नातीगोती नसतात.’ मला ते फार आवडलं. म्हटलं, नात्यागोत्यातून आपल्याला खोली मिळणार नाही हे दिसतंच आहे. बिननात्याचा कुणी न्याय करत असेल तर बघू.

फॉर्म मीच तयार केला. (पंचही मी, खेळाडूही मी. आता हरायचं म्हटलं तरी कशी हरणार?) त्यात मुख्य प्रश्न दोन. तुम्हाला रोज मोकळा वेळ किती? आणि तो घालवायला घरात तुमची म्हणून एखादी जागा आहे का? जितका मोकळा वेळ तितके गुण. आधीच स्वतःची जागा असेल तर गुण निम्मे. बाबांना खिडकीजवळची आरामखुर्ची आहे. चिरंजीवांना सोफ्याचा एक अख्खा कोपरा आहे, तिथे त्यांच्या अंगाचा खड्डासुद्धा पडलाय. माझं काय आहे? दुसरा प्रश्न मी मुद्दामच घातला होता.

लेकीने लिहिलं दोन तास. ह्यांनी लिहिले चार, आणि जागेपुढे ‘नाही, ट्रेडमिल उघड्यावर आहे’. चिरंजीवांनी सहा. (परीक्षा तोंडावर होती, म्हणून त्यांनी कमी सांगितले.) बाबांनी लिहिलं, चोवीस.

‘बाबा, चोवीस कसे? झोपता ना तुम्ही?’

‘झोपेत मला दुसरं काही काम असतं का?’

मी चोवीस तसेच ठेवले. शेवटी मी स्वतःची ओळ भरायला बसले. म्हणजे उभी राहिले. जागा आहे का? ‘नाही’ असं ठसठशीत लिहिलं. मोकळा वेळ किती? इथे मात्र मी अडले. बसची वाट बघते तो वेळ धरायचा का? दूध वर येईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहते, तो? एवढ्यात दाराची बेल वाजली. म्हटलं, हा एक रकाना नंतर भरू.

नंतर तो राहूनच गेला.

पुढच्या शनिवारी वर्गात माझा प्रोग्रॅम चालेना. दर वेळी लाल अक्षरं. माझ्या बाकावर बसणारी मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची आहे, मला काकू म्हणते आणि टाइप करताना च्युइंगगम चघळते. तिने नुसतं डोकावलं.

‘काकू, तुमच्या टेबलात कुठेतरी रिकामा रकाना असेल. एक ओळ टाका. ज्या ओळीत काही भरायचं राहिलंय, ती अख्खी ओळच उडते. टेबल स्वच्छ.’

स्वच्छ म्हटल्यावर मी काय, लगेच तयार. टाकली ओळ. लाल अक्षरं गेली, प्रोग्रॅम लोण्यासारखा चालला. मला इतका आनंद झाला, की काय उडालं ते बघायचं सुचलंच नाही.

रविवारी सकाळी घरात टीव्हीला लॅपटॉप जोडून मी निकाल जाहीर केला. पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. सगळ्यांत उंच खांब बाबांचा. गुण निम्मे होऊनही बारा.

‘न्याय झाला,’ बाबा म्हणाले.

ह्यांनी आपला खांब शोधला. चिरंजीवांनी आपला शोधला. लेकीने फोनच्या कॅमेऱ्यातून आपला शोधला आणि म्हणाली, ‘ए, माझा किती बुटका!’ ज्याला-त्याला आपापला खांब सापडला, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती. मीही दाराशी ट्रे घेऊन उभी होते. माझा खांब दिसेना. मला वाटलं, इतका लहान असेल की चष्म्याशिवाय दिसत नसेल.

खरा प्रकार कळला तो वर्गात. तोच चार्ट मी फळ्यावर लावला आणि ऐटीत समजावून सांगितलं. सर नेहमीप्रमाणे आवाज खाली आणून म्हणाले, ‘मॅडम, घरात माणसं किती तुमच्या?’

‘पाच.’

‘मग खांब चार कसे?’

मी मोजले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चारच. वर्ग खो-खो हसला. मीही हसले. (दुसरं काय करणार? रडले असते तर प्रोजेक्टचे गुण गेले असते.) हसता हसता मनात एकच घोळत होतं: गेल्या रविवारी टीव्हीवर एवढे मोठे खांब होते, तेही मोजून चार. आणि एकालाही वाटलं नाही की कुणीतरी कमी आहे.

घरी आल्या आल्या मी पर्स खाली न ठेवता सांगितलं, ‘निकाल रद्द. त्यात माझी ओळ उडाली होती.’

‘उडाली?’ हे म्हणाले. ‘मग तू होतीस कुठे?’

‘तुमच्यासाठी चहा करत होते.’

‘हो, चहा चांगला झाला होता त्या दिवशी.’

पुन्हा लॅपटॉप जोडला. या वेळी मी बाकावरच्या मुलीचा दुसरा सल्ला घेऊन आले होते: रिकाम्या रकान्यात बाकीच्यांची सरासरी भरायची. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा असंच करतात म्हणे. बटण दाबलं. दोन, चार, सहा आणि बाबांचे चोवीस, यांची सरासरी पडद्यावर माझ्या नावापुढे येऊन बसली.

‘नऊ तास!’ चिरंजीव किंचाळले. ‘आई, तुला रोज नऊ तास मोकळा वेळ असतो?’

‘अरे, ती नुसती सरासरी आहे.’

‘नऊ तास?’ हे सावरून बसले. ‘आणि माझ्या शर्टाचं बटण गेला महिनाभर लावायचं राहिलंय!’

‘आणि माझा चष्मा दुकानातून आणायचाय,’ बाबा म्हणाले. ‘मी म्हटलं, सूनबाईला वेळ होत नसेल.’

‘अहो, ते बाबांच्या चोवीसमुळे फुगलंय! तो आकडा मुळात मोजायचाच नसतो.’

‘म्हणजे मी या घरात मोजण्यासारखा नाही,’ बाबा खिडकीकडे बघत म्हणाले.

‘तसं नाही हो बाबा…’

फोनमधून लेक ओरडत होती, ‘आई, गप्प बस! नऊ राहू दे! दुसरा नंबर आलाय तुझा!’ पण नऊ तासांचं पाप डोक्यावर घेऊन मी गप्प बसते होय?

‘मग खरा आकडा सांग ना,’ हे म्हणाले. ‘रात्री मालिका बघतेस, तो धर.’

‘मालिका बघताना मी भाजी निवडते.’

‘बरं. अभ्यास करतेस तो?’

‘तो मशीन चालू असताना करते.’

‘म्हणजे धुण्याच्या वेळात,’ हे म्हणाले. ‘मग तो कामाचा वेळ झाला. मोकळा कसा धरणार?’

‘शून्य!’ मी टेबलावर हात आपटला. ‘शून्य लिहा! एक मिनिटसुद्धा मोकळं नसतं मला या घरात!’

बोलून टाकल्यावर फार बरं वाटलं. चिरंजीवांनी तत्परतेने शून्य लिहिलं आणि बटण दाबलं. पाच नावं आली, माझंही आलं. माझ्या नावावर खांब नव्हता. जमिनीलगत एक रेघ होती.

बाबा हळूच, अगदी मायेने म्हणाले, ‘ज्याला मोकळा वेळच नाही, त्याला खोली कशाला गं सूनबाई?’

सूत्र माझंच होतं. त्यात खोट काढायची कुठून?

तर खोली बाबांची झाली. चार दिवसांत ते पुन्हा आरामखुर्चीत येऊन बसले, कारण खोलीतून रस्ता दिसत नाही. आता तिथे त्यांची जुनी वर्तमानपत्रं आहेत, लेकीची खोकी आहेत आणि ‘तात्पुरतं’ म्हणून ट्रेडमिल आहे. टॉवेलांना आता वारासुद्धा नाही. बाबा फक्त दुपारी तिथे झोपायला जातात. खोलीची आणि मागच्या बाल्कनीची भिंत एकच. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अधूनमधून आतून हाक येते: ‘सूनबाई, कपडे धुतेस त्याचं काही नाही, पण ती खटखट जरा बंद कर.’

प्रोजेक्टला मात्र मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. शेवटच्या शनिवारी सरांनी माझे चार खांब पुन्हा पडद्यावर लावले आणि वर्गाला म्हणाले, ‘हे लक्षात ठेवा. रिकामा रकाना दिसला म्हणून ओळ उडवायची नाही. तिथे एक माणूस असतं.’ खरं सांगते, मला भरून आलं. पदर नव्हता म्हणून, नाहीतर डोळ्यांना लावला असता.

मग सरांनी त्याच दमात पुढचा चार्ट लावला. हा आम्ही विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाबद्दल भरून दिलेल्या फॉर्मचा. आदल्या आठवड्यात तो मलाही आला होता. त्यात एक प्रश्न होता: तुम्हाला घरी अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आहे का? ‘नाही’ लिहावं की ‘वॉशिंग मशीन’ लिहावं, असा विचार करत मी उभी होते, तेवढ्यात मशीन थांबलं. कपडे वाळत घालायला गेले. म्हटलं, हा एक रकाना नंतर भरू.

पडद्यावर एक सुंदर, अखंड निळा गोल होता. कुठे फट म्हणून नाही.

‘आपल्या वर्गातल्या शंभर टक्के विद्यार्थ्यांकडे,’ सर छाती फुगवून म्हणाले, ‘घरी अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे!’

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकावरच्या मुलीने च्युइंगगम गालात सारलं आणि आनंदाने मला कोपर मारलं.

‘काय हो काकू! खोली मिळाली आणि बोलला नाहीत?’