दोन टनांत लडाख

गेल्या उन्हाळ्यात आमचे शेजारी नागनाथअप्पा रोज सकाळी सहाला लडाखला निघत आणि दुपारी बाराला जेवायला घरी येत. मधल्या सहा तासांत त्यांचा ट्रक जागचा हलत नसे. अप्पा स्टिअरिंग धरून बसलेले आणि समोर आमच्या कंपाउंडची भिंत. पहिल्या दिवशी हे दृश्य दिसलं तेव्हा मी दाढीचा फेस तोंडावर घेऊन तसाच बाहेर धावलो.

"अप्पा, काय चाललंय हे?"

"बैठक पक्की करलालोय. रोज सहा तास बसाय जमलं पायजे."

"मग, कुठवर आलात?" मी चेष्टेनं विचारलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. "आत्ता तर निघालोय. अजून भूममधीच हाय की!"

बाराला खाली उतरताना मात्र म्हणाले, "कन्नडच्या घाटापशी आलोय. उद्या तिथून फुडं."

मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. आकडा कानावर पडला की पडताळल्याशिवाय मला जेवण जात नाही. ताशी चाळीस धरले तर सहा तासांत दोनशे चाळीस किलोमीटर. नकाशा काढला. आमच्या भूमपासून कन्नडचा घाट जवळपास तेवढाच निघाला. मी हादरलोच. वेडेपणा समजू शकतो, पण तो इतका बरोबर कसा?

अप्पा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, काकूंना जाऊन तीन. मुलगा शिवराज पुण्यात. नोकरीतली एक सवय तेवढी त्यांच्याकडे राहिली होती, दिसेल त्याचं वजन विचारायची. आमची ही बाजारातून पिशव्या घेऊन आली की फाटकातूनच, "वैनी, लोड किती?" पुतण्याच्या वरातीत सगळे नाचत होते आणि अप्पा घोड्याच्या मागच्या पायांकडं बघत उभे. नवरदेवाला म्हणाले, "स्प्रिंगपाटा बसंल जनावराचा. उतर, चालत चल."

ट्रक त्यांनी मिलिटरीच्या लिलावातून आणला. हिरवा, उंच, आवाज असा की आमच्या मांडणीवरचे डबे पुढं सरकायचे. तो गल्लीत शिरला तेव्हा मी टेप घेऊन धावलो. गल्ली तीन मीटर दहा, ट्रक दोन मीटर चाळीस. दोन्ही बाजूंना पस्तीस-पस्तीस सेंटिमीटर राहतात, येऊ द्या, असं मीच ओरडून सांगितलं. समोरच्या जिन्याची खालची पायरी बाहेर आलेली होती, ती मोजायची राहून गेली. आता ती पायरी नाही.

"लडाखच का पण?" मी विचारलं होतं.

"उभ्या नोकरीत हजार गाड्या नीट करून रस्त्याला लावल्या. सगळ्या गेल्या कुठं कुठं. म्या आपला ट्रायल घेत गेटपतुर जायाचं आन् माघारी."

यावर माझ्याकडं आकडा नव्हता. 

दुसरा हादरा पाण्याचा. अप्पांनी ट्रकमध्ये हजार लिटरची काळी टाकी बसवली. मी समजावलं, "अप्पा, तिथं बर्फ आहे. नद्या आहेत. हा बघा नकाशा, किती निळ्या रेघा आहेत."

"नकाशात आपली बाणगंगा बी निळीच हाय," अप्पा म्हणाले. "मे महिन्यात जाऊन बघा."

टाकी भरून येरमाळ्यापर्यंत चाचणी घ्यायचं ठरलं. मायलेज मोजायला मी सोबत गेलो. वीस किलोमीटर झाले असतील, एका वस्तीपाशी बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. आमचा हिरवा ट्रक आणि त्यातली टाकी बघून एक म्हातारी उठलीच. "आगं बाई, सरकारनं आता फौज लावली गं पाण्याला!"

अप्पांनी ब्रेक दाबला. बघता बघता रांग लागली.

"अप्पा, सांगा त्यांना, हे आपलं पाणी आहे म्हणून."

"तुमी सांगा," अप्पा म्हणाले.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. म्हातारीनं मला कडक सलाम ठोकला. मी डोकं आत घेतलं आणि घागरी मोजत बसलो. चौसष्ट भरल्या. टाकीत तांब्याभरसुद्धा राहिलं नाही.

येरमाळ्याला चहा पिताना अप्पांनी वहीत नोंद केली: वीस किलोमीटरला पाणी हजार लिटर.

"या दरानं लडाखला जाईपर्यंत एकशे वीस टाक्या लागतील," मी म्हणालो. मला वाटलं, आता तरी हसतील.

अप्पा गंभीरपणे म्हणाले, "मग रस्ता गावाच्या बाहीरनं काढावा लागंल."

गावातल्या चहाच्या हॉटेलात सुरुवातीला सात जण त्यांच्याबरोबर लडाखला यायला तयार झाले होते. मग एकाची शुगर वाढली, एकाच्या नातवाचं जावळ निघालं, एकाला ट्रकची सीट बघितल्यावर मूळव्याध आठवली. महिन्याभरात सातही जण गळाले. मला अप्पांनी कधी विचारलंच नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही.

मग शिवराजचा पुण्याहून फोन आला. "काका, या वयात एकटे कुठं जातायत ते? तुमच्या आकड्यावर त्यांचा विश्वास आहे. सामानाचा लोड बसत नाही म्हणून सांगा. ट्रकला गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

मला ते पटलं. लोड मोजून बघू, बसला नाही तर ट्रक विका, असं अप्पांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "कबूल. सगळा लोड वहीत हाय. मोजणीसाहेब, तुमी बसत न्हाय म्हणलात, तर उद्या किल्ली देऊन टाकतो."

रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर वही उघडली. अट त्यांचीच होती, घाटात दोन टनांच्या वर एक किलोही नको. पाणी आठशे, डिझेलची पिंपं पावणेचारशे, तीन जादा टायर दोनशे चाळीस, जॅक आणि पान्यांचं लोखंड दोनशे दहा, पीठ, डाळ आणि शेगडी मिळून एकशे पासष्ट, टाकी आणि अंथरुणं नव्वद, माणसं एकशे बत्तीस. मी दोनदा बेरीज केली. दोन हजार बारा.

"बारा किलो जास्त आहे, अप्पा."

अप्पा भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि खिशातून किल्ली काढून वहीवर ठेवली. एवढ्या लवकर कुणी हरल्याचं मी पाहिलं नव्हतं.

तरी तिसऱ्यांदा आकडे बघायची माझी खोड. "थांबा, चूक आहे इथं. रोजचे दहा लिटर, चाळीस दिवस. चारशे होतात. तुम्ही आठशे लिहिलेत. आणि माणसं एकशे बत्तीस कशी? तुम्ही तर बासष्ट किलो. अप्पा, चारशे सत्तर किलोंची चूक! गाडी आरामात बसते की!" मी शिवराजच्या बाजूनं आलोय हे विसरूनच गेलो होतो.

"चूक न्हाय," अप्पा म्हणाले. "दोन माणसं हायती."

"दुसरं कोण?"

ते ट्रकच्या टायरकडं बघत बसले. मी पान उलटलं. वर लिहिलं होतं, 'दुसरा माणूस'. खाली बारीक अक्षरात: चहा बिनसाखरेचा. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आठवण करणे. डावा गुडघा धरतो, दर दोन तासाला गाडी थांबवणे. वांगं खात नाही. वजन ७०.

माझं वांगं फक्त आमच्या हिला माहीत आहे, अशी माझी समजूत होती. 

"मला विचारलं का नाही?"

"सात जणाला इचारलं," अप्पा म्हणाले. "तुमी बी न्हाय म्हणला असता, तर इचारायला आजून कोण हाय मला?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शिवराज. "काका, झाला का हिशोब?"

"बेरीज चालू आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पेन उचललं. सत्तरवर काट मारून अठ्ठ्याहत्तर लिहिलं. खोटा आकडा माझ्याच्यानं ठेववत नाही. बेरीज दोन हजार वीस झाली.

"अप्पा, आता वीस किलो काढावे लागतील."

"काय काढू?" त्यांनी वही आपल्याकडं ओढली.

"एका दिवसाचं पाणी. दोघांचं बरोबर वीस होतं. एकोणचाळीस दिवसांत परत येऊ."

अप्पा उठून आत गेले. मोरीतून तोंड धुतल्याचा आवाज येऊ लागला, तांब्यामागून तांब्या. एवढं पाणी एका वेळी वापरताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मोजायला सुरुवात केली होती, पण चौथ्या तांब्याला सोडून दिलं.